बाल्कनीतला डबा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आप्पा, हो आप्पा" म्हणतोस, मागून कुणीतरी तुला हाक मारतं आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहितोय. सवडीने वाच. वाचून झालं की सूनबाईलाही दे. तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

गेल्या महिन्यात पुण्याला चार दिवस तुमच्याकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचा वाळत घालायला मागच्या बाल्कनीत गेलो, तर वॉशिंग मशीनच्या मागे बादली पालथी घातलेली. ती उचलली तर खाली स्टीलचा डबा. वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या, तोंडाला रबर. कुणाचं काही विसरून राहिलं असेल म्हणून हातात घेतला आणि वासावरून कळलं, सुकट आहे. होता तसा परत ठेवला. वळून बघतो तर सूनबाई दारात उभी. तिचं तोंड एकदम उतरलं. "आप्पा, मी टाकणारच होते, राहून गेलं," एवढंच म्हणाली.

टाकणारच होते! तिच्या आईने रत्नागिरीला वैशाखाच्या उन्हात पसरून, कावळ्या-मांजरांपासून राखून, निवडून पाठवलेली सुकट. लेकीला पावसाळ्यात दोन घास गोड लागावेत म्हणून. ती माझ्या सुनेने माझ्यासाठी टाकायची?

रात्री तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रार आली होती आप्पा, आणि त्यात तुम्ही माळकरी. मीच तिला म्हटलं बाहेर ठेव." आणि त्याच रात्री जेवताना तिने दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा तू हसत म्हणालास, "यांना भाताशिवाय जमत नाही. भाकरीची ताकद यांना काय कळणार!" तीही हसली. मी मात्र त्या वेळी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला महिनाभर टोचतंय.

का टोचतंय ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळाचं तू माझ्याकडून पुष्कळ ऐकलंयस, पण ही एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.

तेव्हा मी आठ वर्षांचा, तिसरीत होतो. त्याच्या आधीही पाऊस हात आखडूनच पडत होता, आणि १९७२ ला मृगही कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. आपलं सगळं रब्बीवर. पेरणीच झाली नाही. घरातलं बळद झाडून झाडून शेवटचं धान्य निघालं, आणि मग तुझी आज्जी त्या रिकाम्या बळदात डोकं घालून बघायची, कोपऱ्यात चार दाणे राहिलेत का म्हणून. जुनी माणसं अजून सांगतात की नंतरचे दुष्काळ पाण्याचे, बहात्तरचा अन्नाचा. विहिरीच्या तळाला घागरभर पाणी मिळायचं, पण चुलीवर ठेवायला काही नसायचं.

तुझे आजोबा आणि आज्जी दोघंही खडी फोडायला जायचे. त्या वर्षी पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामं राज्यभर निघाली. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आम्हा पोरांना सुकडी, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ, मिळायची. आणि रेशनला आली मिलो. अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात असं लोक म्हणायचे, आणि घ्यायला तरी रांगा लागायच्या.

मिलोची भाकरी तुला कशी सांगू? पीठ मळताना हाताला धरत नसे. थापताना कडा फाटायच्या. तव्यावर टाकली की विटकरीसारखी तांबूस दिसायची, आणि गार झाली की दाताखाली करकर. तुझी आज्जी ती डाळीच्या पाण्यात कुस्करून द्यायची, म्हणजे गिळता यावी. पण शाळेत डाळीचं पाणी कुठून आणायचं? फडक्यात कोरडी भाकरी आणि कांदा. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराच्या घरी पेवात जुनी मालदांडी ज्वारी शिल्लक होती. त्याच्या फडक्यातून पांढरीशुभ्र भाकरी निघायची. मी माझी तांबडी भाकरी डाव्या हाताच्या पंज्याखाली झाकून ठेवायचो आणि उजव्या हाताने पंज्याखालूनच तुकडा मोडून तोंडात घालायचो. कुणाला रंग दिसू नये म्हणून. रोज, जवळपास वर्षभर.

एकदा गुरुजींनी ते पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान फिरवून फळा पुसायला लागले. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पोराला ओशाळवाणं वाटू नये म्हणूनच ते बोलले नसतील. पण ते काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं असं मला आज साठी उलटल्यावरही वाटतं. "हात काढ, घरोघरी हेच शिजतंय," एवढं जरी म्हणाले असते. परवा तुझ्या बाल्कनीत मी त्या गुरुजींसारखाच मान फिरवून आत आलो.

आता त्या पांढऱ्या भाकरीचं, जिचा तुला एवढा अभिमान आहे. मलाही आहे. पण तो कशाचा ते नीट समजून घेऊ.

आपल्या मंगळवेढ्याच्या भागात वर्षाला पाऊस पडतो सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटर. तोही भरवशाचा नाही. पण जमीन काळी, भारी. परतीचा पाऊस ती पिऊन बसते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते, वर एक थेंब पडला नाही तरी माघ-फाल्गुनात काढणीला येते. वर माणसाला दाणे, खाली जनावराला कडबा. दुसरं कुठलं पीक इथे एवढ्या कमी पाण्यावर दोघांचंही पोट भरणार होतं? तुझ्या पूर्वजांनी ज्वारी निवडली असं म्हणण्यापेक्षा या रानाने तीच एक ठेवली. त्यातून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगलं कणीस बियाण्याला राखलं, हे मात्र त्यांचं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात इथल्याच मालदांडीतून निवड करून ३५-१ हे वाण काढलं, ते आजही लोक पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

सूनबाईच्या माहेरी याच्या उलट. तिकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, सगळा चार महिन्यांत, आणि जमीन जांभ्याची. पाणी थांबतच नाही, उतारावरून थेट समुद्राला. बांध घालून खाचरात ते अडवायचं तर त्यात भाताशिवाय काय पिकणार? वरकस उतारावर नाचणी, वरी. ज्वारी तिथे पेरली तर कुजून जाईल. म्हणून सकाळी पेज, दुपारी भात, रात्री नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. आणि आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, समुद्र खवळलेला, नारळी पौर्णिमेपर्यंत ताजा मासा नाही, भाजीपाला पावसाने झोडपलेला. तेव्हा घरात काय असतं? उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट, सुके बोंबील, आमसुलं, कुळथाची पिठी. आपल्याकडे बळद आणि पेव होतं, त्यांच्याकडे तो डबा आहे. तू बादलीखाली घातलास तो तिच्या आईचं बळद आहे, बाळा.

तुमच्या लग्नात तिच्या आजीजवळ मी बराच वेळ बसलो होतो, तुला आठवत नसेल. तिचे आजोबा लालबागला गिरणीत होते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-बारा माणसं, जेवायला महिन्याच्या हिशोबावर खानावळ. गावाहून परत जाताना प्रत्येकाच्या ट्रंकेत नाचणीचं पीठ, आमसुलं आणि सुकटीची पुरचुंडी. म्हातारी म्हणाली, "गाडीत वास यायचा, पण सगळेच आमचे, कोण कुणाला बोलणार?" खानावळी चालवायच्या बहुतेक बायकाच. गिरणगावातल्या अशाच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरण्या चालल्या त्यात या बायकांच्या चुलीचा वाटा केवढा, याचा हिशोब कुणी मांडला नाही.

मी पुरवठा खात्यात गोदामपाल म्हणून नोकरी केली. तालुके बदलले, पण आयुष्य गेलं ते पोती मोजण्यात, थप्प्या लावण्यात, वजनकाट्यापुढे उभं राहण्यात. म्हणून तुला एक गोष्ट सांगू शकतो जी पुस्तकात वाचावी लागत नाही. माणसाचं ताट बदलतं ते त्याच्या दाराशी कुठलं पोतं येऊन पडतं त्यावर.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आलं, आणि जन्मभर भात खाल्लेल्या कोकणी चाकरमान्याच्या पिशवीत गहू आणि जोंधळा पडला. तिच्या आजीने सांगितलं की सासूबाई त्या गव्हाचं काय करायचं ते शेजारच्या घाटी बाईकडून शिकल्या. पुढे १९५६ पासून अमेरिकेशी करार होऊन त्यांच्या पीएल ४८० या कायद्याखालचा गहू बोटींनी यायला लागला. मग पंजाब-हरियाणाचा गहू. सरकारने खरेदी केला गहू आणि तांदूळ, म्हणून गोदामात आला गहू आणि तांदूळ, म्हणून रेशनला मिळाला गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असं तिन्ही लिहिलेलं होतं; २०२३ पासून ते फुकट झालं. पण माझ्या गोदामात ज्वारीचं पोतं क्वचित, आलं तर पाहुण्यासारखं. दोन रुपये किलोचा गहू घरात असताना मजुरी करणारी बाई बाजारातून महागाची ज्वारी कशाला घेणार होती?

आणि भाकरी करणं सोपं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून, तळहाताच्या जोराने रगडून रगडून मळावं लागतं, आणि तेही एका वेळी एकाच भाकरीचं. पीठ महिनाभर जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना चिरा पडतात. थापायची, हाताच्या झोल्याने तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग आरावर फुगवायची. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईने हे वीस वेळा करायचं. पोळीची कणीक मळून तासभर बाजूला ठेवता येते, लाटणं कुणीही हातात धरू शकतं. तुझ्या आज्जीच्या काळी पोळी फक्त सणाला व्हायची. गहू म्हणजे बेंदराला आणि दिवाळीला. तुझ्या लहानपणी ती रोजची झाली, आणि तुझ्या शाळेच्या डब्यात भाकरी दिली तर पोरं चिडवतील म्हणून आम्हीच पोळी देत गेलो. तुझ्या आईने एकदा विचारलं होतं, "भाकरी का नको?" मी म्हटलं, "पोळीच दे." तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो झाकलेला हात होता. १९८० ला उजनी धरण झालं, पाणी आलं त्या रानांत ऊस उभा राहिला, ज्वारीचं रान तेवढं कमी झालं. आणि आता तू पुण्यातल्या हॉटेलातल्या ज्वारीच्या भाकरीचा फोटो पाठवतोस. बघून बरं वाटतं मला, खरंच वाटतं. पण ती भाकरी गरिबाची होती म्हणून आम्ही लाजलो, आणि आता महाग झाली म्हणून तू ती दुसऱ्याच्या भातापुढे मिरवावीस, हे मला पटत नाही.

मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं देऊळ आहे, लहानपणी तुला खांद्यावर बसवून नेलं होतं. बहामनी काळातली ती कथा. दुष्काळ पडला, सरकारी कोठारं भरलेली, माणसं दारात मरतायत, आणि सुलतानाच्या शिक्षेची पर्वा न करता पंतांनी कोठाराची दारं उघडली. मग विठू महाराचं रूप घेऊन पांडुरंगाने बिदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले, असं आपण कीर्तनात ऐकतो. गोदामाला कुलूप लावताना ही कथा मला रोज आठवायची. याच मातीत इंग्रजांनी काय केलं तेही आठवायचं. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपलने कामावरच्या गड्याला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा ठरवला. रतल म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी. खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. शंभर वर्षांनी आपल्याकडे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तुझ्या आज्जीच्या हाताला पडलेले खडीचे घट्टे त्या कायद्यामागे आहेत असं मी मानतो.

पण त्याच खडीच्या कामावरचं आणखी एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सगळे एकाच उन्हात, एकाच हातोड्याने दगड फोडत होते, एकाच मिलोची भाकरी खात होते. दुपारी मात्र काही माणसं ओंजळ करून लांब उभी राहायची आणि त्यांना वरून पाणी वाढलं जायचं. रांजणाला हात लावायची मुभा त्यांना नव्हती. दुष्काळ सगळ्यांचा एक होता, रांजण एक नव्हता. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली ती त्याच सुमाराला. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ ला महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं आणि त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असंही सांगितलं. ते मांस आवडीने कुणी खात नव्हतं. गावाने त्यांच्या वाट्याला तेच ठेवलं होतं, आणि तेच खातात म्हणून पुन्हा त्यांनाच हिणवलं. हे तू विसरू नकोस. कुणाच्या ताटात काय आहे यावरून त्याला खालचं ठरवायची ही सवय आपल्यात फार जुनी आहे, आणि सोसायटीच्या ग्रुपवरच्या त्या वासाच्या तक्रारीत मला तीच ओळखू येते. हिंगाच्या फोडणीची तक्रार कुणी केलेली मी ऐकली नाही.

आता माझ्या माळेचं. तू मला मान देण्यासाठीच डबा बाहेर ठेवायला सांगितलास, हे मला कळतं. पण माळ माझ्या गळ्यात आहे. ती मी माझ्या जिभेसाठी घातली, सूनबाईच्या तव्यासाठी नाही.

एकादशीला तुम्ही मला काय वाढलंत ते आठव. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाट्याचे काप, बाजूला रताळ्याचा कीस. फार चांगलं झालं होतं. यातलं मूळचं आपलं काय? मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळं, सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज १४९८ ला आले, १५१० ला त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या नि त्यांच्या पाठोपाठच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हळूहळू हे सगळं उतरलं. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, येतो सेलमकडून, आणि कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. त्या काळी पंढरीला निघालेल्या माणसाच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा नव्हता, शेंगाची चटणी नव्हती. तिखट हवं तर मिरे, पिंपळी, आलं. मिरीवरूनच आपण मिरचीला मिरची म्हणायला लागलो. एकादशीला धान्य वर्ज्य. हे कंद आणि दाणे आले तेव्हा ते वर्ज्याच्या यादीत नव्हते, म्हणून उपवासाच्या ताटात बसले असं मला वाटतं. सातासमुद्रापलीकडचं इतकं सगळं माझ्या पांडुरंगाने ताटात चालवून घेतलं. मग याच कोकणच्या समुद्रातली मूठभर सुकट घरात असली तर तो रागावेल?

चोखोबा आपल्या मंगळवेढ्याचेच. त्यांना पंढरीच्या देवळात जाऊ दिलं नाही, त्यांची समाधी आजही पायरीपाशी आहे. आणि आषाढीनंतर पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो तेव्हा काय करतो आपण? ज्वारीच्या लाह्या, दही, जे असेल ते एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालतो. कुणाच्या पिशवीतलं काय ते विचारत नाही. तुला मी तो काला भरवला होता, पाच वर्षांचा होतास. शेजारच्या दिंडीतल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानेही तुला घास दिला, आणि तू तो खाल्लास.

तर आता कामाचं सांगतो. शनिवारी एसटीने वीस किलो मालदांडी पाठवतोय. एकदम दळून आणू नकोस. चार-पाच किलोच दळ, नाहीतर विरी जाईल आणि सूनबाईला वाटेल तिच्याच हाताला जमत नाही. तिची भाकरी मी पाहिली, कडेला जाड राहते. आधण थोडं जास्त घ्यायला सांग. आणि मुख्य म्हणजे तूसुद्धा शीक. तुझ्या आज्जीने मला शिकवली होती. पुरुषाला भाकरी यायलाच हवी असं ती बहात्तरनंतर म्हणायची.

पौषात हुरड्याला दोघं या. मी जानेवारीच्या शेवटी डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला येईन. तेव्हा तो डबा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी असला पाहिजे. सूनबाईने सुकट करावी, कांदा आणि आमसूल घालून, तिच्या आईसारखी, खिडकी उघडी ठेवून. मी खाणार नाही. पण ती जेवत असताना तिच्याच ताटाला ताट लावून जेवीन. सोसायटीतलं कुणी दार वाजवलं तर मला पुढे होऊ दे.

तिच्या आईला सांग, पुढच्या वेळी पार्सल पाठवतील तेव्हा माझ्यासाठी दोन किलो नाचणीचं पीठ आणि थोडी आमसुलं पाठवा. बदल्यात इथून शेंगाची चटणी पाठवतो. तुझ्या आईने कालच कुटलीय, लसूण जरा जास्तच घातलाय.

तुझा,
आप्पा